धुऊन ठेवलेली गाडी

१

गाडी धुतलेली होती.

वकीलबाई शेडच्या दारातच थांबल्या. अपघात झालेली गाडी आहे तशी ठेवा, आम्ही बघायला येतो, असं त्यांनी मालकांना कळवलं होतं आणि मालकांनी ते कबूलही केलं होतं. आता ती समोर उभी होती. चार जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, पुढेमागे दोघांनी बसायची लांब सीट. त्या काळी असल्या गाड्या नवलाच्या होत्या. रस्ता सोडून माळावर, चिखलात, खाचखळग्यांतून हौसेनं हिंडायचं, म्हणून लोक तिला रानगाडी म्हणत. ही मात्र माळावर कधी गेली असेल असं वाटेना. टायरच्या खाचांत मातीचा कण नव्हता. सीटला नवं कव्हर होतं.

"लग्नाला निघालीय वाटतं," बाई म्हणाल्या.

मालक कसनुसं हसले. "घाण गाडी कशी ठेवणार, ताई? गिऱ्हाईक येतं."

"हीच गाडी देता अजून गिऱ्हाइकाला?"

"छे, छे. पण नजरेला पडते ना."

मी बाईंच्या ऑफिसात टायपिस्ट होते. बाई मला टिकटिक म्हणायच्या आणि असल्या कामांना पिशवी, छत्री सांभाळायला बरोबर न्यायच्या. बाई जाऊन आता किती वर्षं झाली. ते ऑफिसही पाडलं. पण त्या शेडमधला साबणाचा वास अजून माझ्या नाकात आहे. पुरावा होता तो पाण्याबरोबर वाहून गेला, असंच मला त्या दिवशी वाटलं होतं.

आमची अशील लहान मुलांच्या वॉर्डमधली नर्स होती. सुट्टीच्या दिवशी नवरा आणि दीर यांच्याबरोबर ती इथे आली. नवरा शेडजवळच बसला, त्याला असले धंदे आवडत नसत. गाडी दीर चालवत होता, ती मागे बसली होती. एका खोल खळग्यात गाडी उलटली आणि तिच्या गुडघ्यावर पडली. एक ऑपरेशन झालं होतं. दुसरं झालं तर ती कुबड्यांशिवाय उभी राहील, असं डॉक्टर म्हणत. मालकाच्या विमा कंपनीचं म्हणणं एकच होतं: खळग्याच्या आधी पाटी आहे, ती न बघता चालवणाऱ्यानं गाडी सुसाट नेली, चूक त्याची.

शेडच्या कोपऱ्यात मिस्त्री पाना पुसत उभे होते. बाईंनी त्यांना गाठलं.

"ब्रेक तपासलेत?"

"तपासले. उत्तम होते. त्या वेळीही आणि आताही."

"मग बिघडलं होतं काय?"

"काही नाही. पुढचं हँडल वाकलं होतं, पुढचा बंपर चेपला होता. तेवढं सरळ केलं."

"आणि मागचं?"

"मागं साधा ओरखडाही नव्हता." एवढं बोलून मिस्त्रींनी मालकांकडे बघितलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

२

मालक आम्हाला वाट दाखवायला निघाले. माणूस तसा वाईट नव्हता. आधी बस चालवायचे, सगळी पुंजी या माळात घातली होती, हे चालता चालता त्यांनीच सांगितलं. वाट शेडपासून निघून गोल फिरून शेडलाच परत येत होती. आधी निलगिरीची तीन झाडं लागली. मग पाटी आली, नवा पिवळा रंग दिलेली: 'पुढे खळगा. हळू चालवा.'

"रंग कधी दिला?"

"देतो आम्ही मधूनमधून."

मला धाप लागली होती. मी पाटीला मागून हात टेकला आणि हाताला काहीतरी खरबरीत लागलं. मागच्या बाजूला वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता, भिंतीच्या गिलाव्यासारखा. पुढून नवरी, मागून भिंत. मी हात झटकले आणि त्यांच्यामागे निघाले.

पाटीपुढे वाट हळूहळू उतरत खळग्यात गेली. पलीकडची बाजू मात्र उभी होती, माणूसभर उंच. आम्ही हाताला धरून एकमेकींना वर ओढलं.

"इकडून सावकाश उतरायचं आणि तिकडून जोर लावून चढायचं," मालक म्हणाले. "मजाच ती आहे. नर्सबाईंच्या दिरानं सुसाट येऊन तसाच चढ घेतला, गाडी मागे उलटली, दुसरं काय!"

वर आलो तर थोड्या अंतरावर एक पडकी पंपाची खोली होती. तिचं दार निळं होतं, एका बिजागरीवर लोंबकळणारं. आत एक कुत्री पडली होती आणि तिची चार मोठी झालेली पिल्लं एका फाटक्या बुटावरून भांडत होती.

बाई चालता चालता थबकल्या. मीही. कारण नर्सनं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पडायच्या जरा आधी एक निळं दार लागलं. आत पिल्लं होती, डोळेसुद्धा न उघडलेली. मी दिराला म्हटलं, थांब ना रे, बघू या. तो म्हणाला, वहिनी, पुढचा माणूस दिसेनासा होईल."

"इथे गिऱ्हाईक कधी पोचतं?" बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"खळगा ओलांडल्यावर."

"नर्सबाई याआधी कधी आल्या होत्या?"

"नाही. पहिलीच वेळ."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. नर्स खळग्यात पडली होती. खळग्याच्या पलीकडे ती पोचलीच नव्हती. आणि जिथे ती पोचली नव्हती, तिथली पिल्लं तिला आठवत होती.

३

विमा कंपनीचे वकील जाड चष्मा लावायचे आणि फार गोड बोलायचे. त्यांना ही पिल्लांची गोष्ट कळली तेव्हा ते आणखीनच गोड झाले.

"बाई, डोक्याला मार लागला की असं होतं. नंतर कुणाकडून ऐकलेलं आधी पाहिल्यासारखं वाटतं. तुमच्या अशिलाला कोर्टात उभी करू नका, बिचारीचे हाल होतील. त्यापेक्षा सोपा मार्ग सांगतो. चूक दिराची आहे ना? मग दिरावर दावा लावा. सुतारकामाचा कारखाना आहे, अर्धा त्याच्या नावावर. ऑपरेशन होऊन जाईल."

हा मार्ग घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. दोघं भाऊ एकाच छपराखाली काम करत होते. थोरला, म्हणजे नर्सचा नवरा, दाराजवळच्या बाकावर आणि धाकटा पार आतल्या टोकाला. धाकट्याला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणापासून पाय एका जागी ठरायचे नाहीत म्हणून. आता भिंगरी मान खाली घालून रंधा मारत होता. थोरल्याला माप सांगायचं असलं की तो लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहायचा आणि तुकडा बाकावरून सरकवून द्यायचा. अपघातापासून भावाशी तो एक शब्द बोलला नव्हता.

नर्स खुर्चीत बसून पॉलिश पेपरनं एक फळी घासत होती. "रिकामं बसवत नाही," ती हसून म्हणाली.

बाईंनी निरोप सांगितला. थोरल्यानं क्षणभरही विचार केला नाही.

"लावा दावा. मी नको म्हणत नाही."

"मी म्हणते ना!" नर्स म्हणाली. "तो तुमचा भाऊ आहे."

"म्हणून तर. परका असता तर मी त्याला..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

भिंगरी आतून आला. हाताला भुसा, डोळे लाल. "वहिनी, दादा बरोबर बोलतोय. बाई, मला पाटी दिसलीच नाही. देवाशपथ सांगतो, नाही दिसली. आणि पाटी तर तिथे होती, फोटो आहे त्यांच्याकडे. म्हणजे माझंच लक्ष नव्हतं. माझा हिस्सा विका. तिचा पाय बरा होऊ दे."

"गप बस," नर्स म्हणाली. "शहाणा आहेस! मी तुझ्या कमरेला धरून बसले होते. गाडी सुसाट असती तर मला कळलं नसतं? वॉर्डात ढकलगाडी याहून जोरात नेते मी."

"तुम्ही बघत कुठे होतात?" बाईंनी भिंगरीला विचारलं.

"पुढच्या माणसाच्या टोपीकडे. लाल टोपी होती. तो वाट दाखवायला पुढे असतो, त्याच्या मागे राहा असं बजावलं होतं. तेवढंच बघत होतो. आणि मग ती टोपी एकदम जमिनीत गेली."

"जमिनीत?"

"हो. होती, आणि नाहीशी झाली. मी ब्रेक दाबेपर्यंत आम्हीही गेलो."

निघताना नर्सनं बाईंचा हात धरला. थोरला ऐकू नये इतक्या हळू ती म्हणाली, "पैसे मिळाले नाहीत तरी चालतील, बाई. कुबडीवर जगेन मी. पण दिरानं मला पाडलं नाही, एवढं कुणीतरी माझ्या नवऱ्याला पटवून द्या. हे घर असं नाही हो जगू शकत."

४

लाल टोपीवाल्यानं अपघातानंतर ती नोकरी सोडली होती. तो आम्हाला भाजीच्या गोदामात सापडला, क्रेट उतरवताना. टोपी नव्हती. बाईंनी ओळख सांगताच त्याच्या हातातला क्रेट घसरला आणि टोमॅटो गडगडत आमच्या पायांशी आले.

मी टोमॅटो गोळा करायला वाकले. तोही वाकला. वर बघणं टाळायला माणसाला काहीही निमित्त पुरतं.

"त्या दिवशी पाऊस होता का?" बाईंनी विचारलं.

"दिवसा नव्हता. आदल्या रात्री होता, पहाटेपर्यंत. झोडपून काढलं."

"म्हणजे वाट चिखलाची होती."

"हो."

"चिखल झाला की तुम्ही लोक काही वेगळं करता का?"

त्यानं एक टोमॅटो उचलला, पुसला, पुन्हा पुसला. "वेगळं म्हणजे?"

"तुम्ही सांगा."

"मी काही सांगणार नाही, बाई. मला बजावलंय. तोंड उघडलंस तर सगळं तुझ्यावरच येईल, पुढे तूच होतास. घरी दोन मुली आहेत."

बाई उठल्या. त्या कुणाला फार दाबत नसत. आम्ही गोदामाच्या दाराशी पोचलो तेव्हा तो मागून धावत आला.

"त्या चालायला लागल्या का?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. "त्या पिल्लांसाठी थांबू म्हणत होत्या," तो म्हणाला. "मी ऐकलं. थांबायला हवं होतं मी."

आणि वळून तो क्रेटच्या ढिगामागे गेला.

"बाई!" मी म्हटलं. "म्हणजे पिल्लं तिनं खरंच..."

"चल," बाई म्हणाल्या. "कबूल केलंय हे त्याला स्वतःलासुद्धा कळलेलं नाही. आणि त्याच्या पोटावर पाय देऊन मला केस जिंकायची नाही. दुसरं काहीतरी शोधायला हवं."

५

दुसरं काहीतरी म्हणजे एक फोटो उरला होता, तोही त्यांचाच. अपघाताच्या दुपारी, नर्सला दवाखान्यात नेल्या नेल्या, मालकांनी स्वतः काढलेला. पाटी होती हे सिद्ध करायला विमा कंपनीनं त्याची प्रत आम्हाला दिली होती. वाटेवर मधोमध उभं राहून, अक्षरं नीट दिसतील असा काढला होता. पाटी ओल्या चिखलानं माखलेली, चिखल उन्हात चकाकत होता; तरी 'खळगा' आणि 'हळू' वाचता येत होतं.

बाई दोन दिवस तो फोटो घेऊन बसल्या. भिंगाखाली धरायच्या, उलटा करायच्या, दिव्याशी न्यायच्या. चहा गार व्हायचा.

"पाटी आहे," त्या म्हणायच्या. "चिखल आहे. अक्षरं आहेत. मग मला हा फोटो खोटा का वाटतो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. मी सायकलवरून यायची आणि माझ्या सायकलचं मागचं मडगार्ड तुटलं होतं. ऑफिसात आले, बाईंना नमस्कार केला आणि अंगातला कोट काढायला खुंटीकडे वळले.

"हलू नकोस!" बाई ओरडल्या.

मला वाटलं पाल पडली अंगावर. मी डोळे गच्च मिटून उभी राहिले. बाईंच्या खुर्चीचा आवाज आला. मग त्यांचं बोट माझ्या पाठीवरून कमरेपासून मानेपर्यंत फिरलं.

"टिकटिक, पुढून तू चकचकीत आहेस."

"आणि मागून?"

"मागून तू शेत आहेस." त्या हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. "चाक चिखल कुठे फेकतं गं?"

"मागे."

"मागे! मग बस तिथे आणि मला सांग, तू त्या माळावरच्या पाटीला हात टेकलास तेव्हा चिखल कुठल्या बाजूला होता?"

मी माझ्या तळहाताकडे बघितलं.

६

बैठक विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होती. लांब टेबलाच्या एका बाजूला मालक आणि चष्मेवाले वकील, दुसऱ्या बाजूला नर्स, तिचा नवरा, बाई आणि मी. भिंगरी दारापाशी उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"तुमचा फोटो आम्हाला मान्य आहे," बाईंनी सुरुवात केली. चष्मेवाल्यांच्या भुवया वर गेल्या. "त्याच दिवशी काढलेला, बरोबर?"

"बरोबर," मालक म्हणाले.

"रात्रभर पाऊस होता, म्हणजे पाटी धुतली गेली होती. चिखल ओला आहे, म्हणजे त्याच दिवसाचा. हेही बरोबर?"

"हो. गाड्या जाताना उडतोच."

"उडतो, पण चाकाच्या मागे उडतो. गाडी पाटीच्या पुढे गेली की मागे फेकलेला चिखल पाटीच्या पाठीवर बसतो. तोंडावर नाही. आम्ही तुमच्या माळावर आलो तेव्हा पाटीच्या पाठीवर वर्षानुवर्षांचा थर होता. तसाच असायला हवा. मग त्या एका दिवशी चिखल पाटीच्या तोंडावर कसा आला?"

बाईंनी फोटो टेबलाच्या मधोमध सरकवला.

"एकाच रीतीनं येईल. गाड्या त्या दिवशी उलट्या दिशेनं फिरत असतील तर. मग सगळंच जुळतं. निळं दार आधी लागतं आणि खळगा नंतर. नर्सबाईंना पिल्लं आठवतात, कारण त्यांनी ती पाहिली होती. आपण म्हणता तसं डोक्याला मार लागून नव्हे, वकीलसाहेब. लाल टोपी एकदम जमिनीत जाते, कारण त्या बाजूनं सावकाश उतार नाही, उभा कडा आहे. गाडी नाकावर पडते आणि पुढचं हँडल वाकतं. चढताना उलटली असती तर मागचं वाकलं असतं. मागे ओरखडाही नव्हता. आणि पाटी," बाई दाराकडे वळल्या, "पाटी खळग्याच्या पलीकडे होती, तुमच्याकडे पाठ करून. तुम्हाला ती दिसलीच नाही, कारण दिसायला ती तुमच्या वाटेत नव्हतीच."

भिंगरीनं दाराची चौकट धरली.

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. "तरीही यांनी सही केली होती. जोखीम आपली, असं स्पष्ट..."

"खरचटण्याची जोखीम, साहेब. आंधळं करून कड्यावरून ढकलण्याची नाही. आणि हे तर्कच वाटत असतील, तर त्या दिवशी पुढे असलेल्या माणसाला शपथेवर विचारू. मला ते करायचं नाही. त्याला दोन मुली आहेत."

"त्याला नका बोलावू."

हे मालक बोलले होते. चष्मेवाल्यांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला केला.

"पाऊस झाला की वाटेला चाकोऱ्या पडतात. एकाच दिशेनं फिरलं तर त्या खोल होत जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही उलटं फिरवतो. पाट्या उपटून पलीकडे रोवायच्या, हा नियम माझाच. त्यानं सकाळी विचारलंही होतं, पाट्या हलवू का. मी म्हणालो, गिऱ्हाईक ताटकळलंय, आधी ते घे. सकाळी माझी माणसं उलट्या फेऱ्या मारून आली होती, त्यांना तो कडा पाठ आहे. मला वाटलं, एक फेरी तर आहे." त्यांनी नर्सकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "फोटो काढताना मला काही कळलंच नाही. रोज ज्या बाजूनं पाटी बघतो त्याच बाजूला जाऊन उभा राहिलो. गाडी मात्र जाणूनबुजून धुतली. धंदा बंद पडेल म्हणून भ्यालो. बाई, माझ्याकडून जे निघेल ते लिहून घ्या."

"तुमच्याकडून नाही, विम्याकडून," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यासाठीच तर तो उतरवलाय. काय, वकीलसाहेब?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "ऑपरेशन, त्यानंतरची शुश्रूषा आणि बुडालेला पगार. बाकीचं बसून ठरवू." आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता, त्यामुळे मला तो खरा वाटला.

नर्स रडली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. तो टेबलाकडे बघत होता.

७

आम्ही बाहेर आलो तर वीज गेलेली आणि लिफ्ट बंद. शिपाई म्हणाला, तासाभरानं येईल, नाहीतर येणार नाही. तीन जिने होते, अरुंद आणि वळणाचे. नर्सनं कुबड्या पुढे टाकून पहिली पायरी बघितली आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

थोरल्यानं कुबड्या काढून माझ्या हातात दिल्या. वाकून तिच्या पाठीमागून हात घातला. एकट्याला ते जमणारं नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. भिंगरी भिंतीला चिकटून उभा होता, सगळ्यांना जागा देत.

थोरल्यानं मान वर केली.

"बघत काय राहिलायस?" तो म्हणाला. आवाज गंजल्यासारखा निघाला. "तिकडून धर की."

भिंगरी जागचा हलला नाही.

"बहिरा झालास का रे? तुझ्या वहिनीचं वजन काय मला एकट्याला पेलतंय?"

"वजन काढलंत!" नर्स म्हणाली. तिचे डोळे आता भरले होते. "पाडलंत ना, तर दोघांवर दावा लावीन. बाई, घ्याल ना केस?"

"हसत हसत," बाई म्हणाल्या.

भिंगरी पुढे आला. दोघांनी एकमेकांची मनगटं धरून हातांची बैठक केली, लहानपणी कधीतरी केली असेल तशी, न सांगता. ती त्यावर बसली आणि तिनं दोघांच्या गळ्यात हात टाकले.

"सावकाश, दादा," भिंगरी म्हणाला.

"तू बोलू नको. पाय बघ."

"बघतोय."

"डावा आधी."

"कळतंय रे मला."

"कळतंय तर धापा कशाला टाकतोयस?"

"तूच ओढतोयस!"

मी कुबड्या घेऊन मागून उतरत होते. खाली रस्त्यावर पोचेपर्यंत ते दोघं भांडतच होते.